गर्भावस्थेतील पालकांचे तंबाखूसेवन आणि बालकांची अवधान-समस्या : प्रचलित निष्कर्षांची चिकित्सा

प्रस्तावना

गर्भारपणी आईने धूम्रपान केले तर मुलाचे लक्ष कशातच टिकत नाही, अशा आशयाचे विधान आज बालमानसशास्त्रावरील लेखनात सहज आढळते. त्याला आधार म्हणून परदेशातील संशोधनाचा हवाला दिला जातो. विधान सोपे आहे, त्यामागील हेतूही चांगला आहे. परंतु शास्त्रीय विधानाची किंमत हेतूवरून ठरत नाही, ती पुराव्यावरून ठरते. तसेच एका समाजात मिळालेला पुरावा दुसऱ्या समाजाला लावताना दोन्ही समाजांतील व्यवहार तपासून पाहावे लागतात.

प्रस्तुत लेखात या विधानाची दोन अंगांनी चिकित्सा केली आहे. पहिले अंग असे, की गेल्या पन्नास वर्षांतील संशोधन हे विधान कितपत सिद्ध करते? दुसरे असे, की इंदापूर तालुक्यातील कळंब व वालचंदनगर परिसरासारख्या ऊसपट्ट्यात त्याचा अर्थ काय होतो? नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकविणाऱ्या या भागात स्त्रिया सिगारेट ओढताना क्वचितच दिसतील, पण मिश्री ही येथील घरांना अपरिचित वस्तू नाही. तेव्हा प्रश्न केवळ वैद्यकाचा राहत नाही. आपण कोणाला काय सांगतो आणि त्याची जबाबदारी कोणाच्या माथी मारतो, हाही प्रश्न त्यात आहे.

१. पुराव्याची उभारणी

गर्भावस्थेतील धूम्रपान आणि मुलांची अतिचंचलता यांचा संबंध दाखविणारा एक प्रारंभीचा अभ्यास १९७५ साली कॅनडात डेन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. त्यानंतर १९९६ साली अमेरिकेत मिलबर्गर व सहकारी यांचा अभ्यास आला. ज्या विकाराला वैद्यकात संक्षेपाने एडीएचडी म्हणतात, त्या अवधान-न्यूनता व अतिक्रियाशीलता विकाराच्या मुलांपैकी २२ टक्के मुलांच्या मातांनी गर्भारपणी धूम्रपान केले होते. तुलनेसाठी निवडलेल्या इतर मुलांच्या बाबतीत हे प्रमाण ८ टक्के होते. २०१८ साली 'पीडिॲट्रिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात २० अभ्यासांतील सुमारे ३० लाख व्यक्तींची माहिती तपासली गेली. त्यातही धूम्रपान करणाऱ्या मातांच्या मुलांत या विकाराची शक्यता सुमारे दीडपटीहून अधिक आढळली.

या संबंधामागे जैविक कारण असू शकते, हेही मान्य करावे लागते. निकोटीन वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचते. गर्भाच्या मेंदूत निकोटीनला प्रतिसाद देणारे ग्राहक असतात आणि मेंदूच्या घडणीत त्यांचा वाटा असतो. धुरातील कार्बन मोनॉक्साइडमुळे गर्भाला मिळणारा प्राणवायू कमी होतो. प्राण्यांवरील प्रयोगांतून निकोटीनचे मेंदूवरील दुष्परिणाम दिसून आले आहेत.

संबंध आहे, त्यामागे संभाव्य यंत्रणा आहे आणि तो अनेक देशांत पुन्हापुन्हा दिसला आहे. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध झाला असे मानण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. पण खरी अडचण येथूनच सुरू होते.

२. पुराव्याची फेरतपासणी

गर्भारपणी धूम्रपान करणारी माता आणि न करणारी माता यांच्यात केवळ धूम्रपानाचाच फरक असतो काय? उत्पन्न, शिक्षण, मानसिक ताण, घरातील वातावरण आणि मुख्य म्हणजे आनुवंशिक ठेवण या सर्वच बाबतींत त्या वेगळ्या असू शकतात. अवधान-न्यूनतेचा विकार मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आहे, हे जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. ज्या व्यक्तीत स्वतःमध्ये हा विकार किंवा त्याची लक्षणे असतात, तिला धूम्रपानाची सवय लागण्याची व ती न सुटण्याची शक्यताही अधिक असते. म्हणजे आईकडून मुलाकडे जे गेले ते धुरामार्फत गेले की गुणसूत्रांमार्फत, हे साध्या तुलनेतून कळत नाही.

हा गुंता सोडविण्यासाठी संशोधकांनी तीन वेगवेगळ्या वाटा शोधल्या. त्या तिन्ही समजून घेण्याजोग्या आहेत.

पहिली वाट कृत्रिम गर्भधारणेची. २००९ साली अनिता थापर व सहकाऱ्यांनी अशा मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. यातील काही मुले आईच्याच स्त्रीबीजापासून झाली होती, तर काही मुले दुसऱ्या स्त्रीच्या बीजापासून झालेली असून आईने केवळ उदरात वाढवली होती. धूम्रपानाचा परिणाम गर्भाशयातूनच होत असेल तर तो दोन्ही गटांत सारखा दिसला पाहिजे. जन्मवजनाच्या बाबतीत तसेच घडले. आईशी आनुवंशिक नाते असो वा नसो, धूम्रपानामुळे मुलाचे वजन घटलेले दिसले. अवधान-समस्येच्या बाबतीत मात्र निष्कर्ष वेगळा निघाला. आईशी आनुवंशिक नाते असलेल्या मुलांत हा संबंध लक्षणीयरीत्या अधिक होता. एकाच अभ्यासातून आलेले हे दोन निष्कर्ष या विषयाच्या मर्मस्थानी आहेत.

दुसरी वाट भावंडांच्या तुलनेची. एकाच आईने एका गर्भारपणात धूम्रपान केले आणि दुसऱ्यात केले नाही, तर त्या दोन मुलांत फरक पडतो काय? २०१४ साली स्वीडनमधील सुमारे ८ लाख मुलांच्या नोंदींवर आधारित अभ्यासात सर्वसाधारण तुलनेत संबंध ठळक होता, चुलत-मावस भावंडांच्या तुलनेत तो कमी झाला आणि सख्ख्या भावंडांच्या तुलनेत तो उरलाच नाही.

तिसरी वाट पित्याची. २०१२ साली केट लँगली व सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील ब्रिस्टॉल परिसरातील ८ हजारांहून अधिक मुलांची माहिती तपासली. आई धूम्रपान करीत नसतानाही, केवळ पित्याच्या धूम्रपानाशी मुलाच्या अवधान-समस्येचा संबंध दिसून आला. पित्याच्या उदरात मूल वाढत नाही. मग हा संबंध कोठून आला? त्याचे एक उत्तर असे, की जे दिसते आहे ते बव्हंशी कुटुंबाचे लक्षण आहे, गर्भाशयाचे नाही.

याउलट २०१९ साली फिनलंडमधील अभ्यासात मातांच्या सांगण्यावर विसंबून न राहता रक्तातील कोटिनीन या निकोटीनजन्य घटकाचे प्रमाण मोजले गेले. सर्वाधिक प्रमाण असलेल्या गटात विकाराची शक्यता दुपटीहून थोडी अधिक आढळली. हा अभ्यास मोजमापाच्या दृष्टीने सरस आहे. तथापि सेवनाचे माप अचूक घेतल्याने आनुवंशिकतेचा प्रश्न सुटत नाही. तागडी अचूक असली, तरी तिच्यात दोन वस्तू एकत्र टाकल्या असतील तर एकीचे वजन कळत नाही.

एवढ्यावरून काय म्हणता येईल? गर्भावस्थेतील तंबाखूमुळे बाळाचे वजन घटते, हे पक्के आहे. त्यामुळे थेट अवधान-विकार होतो, हे सिद्ध झालेले नाही आणि जो संबंध दिसतो त्यातील मोठा भाग कौटुंबिक घटकांचा आहे. मात्र एक आडवाट शिल्लक राहते. अकाली जन्मलेल्या मुलांत शालेय वयात अवधान-विकाराची शक्यता दुपटीहून अधिक असते, असे २००२ सालच्या एका एकत्रित विश्लेषणात आढळले होते. तंबाखूमुळे अकाली प्रसूती होते. तेव्हा या मार्गाने काही मुलांच्या बाबतीत हानी होत असणार, हे नाकारता येत नाही.

३. सिगारेट आणि मिश्री

वरील सर्व संशोधन सिगारेट ओढणाऱ्या समाजांतील आहे. महाराष्ट्राचे चित्र वेगळे आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण अवघे १.४ टक्के होते. धूरविरहित तंबाखूचे सेवन करणाऱ्या स्त्रिया मात्र १६.६ टक्के होत्या. पुरुषांत हीच प्रमाणे अनुक्रमे ६.० व ३१.७ टक्के होती. म्हणजे आपला प्रश्न मुख्यतः धुराचा नाही, तो मिश्रीचा आणि चुना-तंबाखूचा आहे.

तंबाखूची पाने तव्यावर काळी पडेपर्यंत भाजून, कुटून त्यांची पूड केली जाते. ती दातांना व हिरड्यांना लावली जाते. तिची सुरुवात दात घासण्याच्या निमित्ताने होते. पुढे दाढदुखीवर उतारा, शौचास साफ होण्याचा उपाय, भूक मारण्याचे साधन आणि कामाच्या मध्ये मिळणारा क्षणभर विसावा अशी तिची अनेक रूपे होतात. मिश्री लावणारी स्त्री स्वतःला व्यसनी समजत नाही. सासू लावते, जाऊ लावते, म्हणून तीही लावते. तिला 'धूम्रपान करता का?' असा प्रश्न विचारला तर ती प्रामाणिकपणे 'नाही' असे उत्तर देईल. प्रश्न चुकीचा असल्याने खरे उत्तरही निरुपयोगी ठरेल.

मिश्रीत धूर नाही, म्हणून ती निरुपद्रवी आहे काय? या प्रश्नाचे उत्तर परदेशातून आणण्याची गरज नाही. प्रकाश गुप्ता व श्रीविद्या सुब्रमणी यांनी मुंबईतील १२१७ गर्भवती स्त्रियांचा अभ्यास करून तो २००४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला. धूरविरहित तंबाखू, त्यातही प्रामुख्याने मिश्री, वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी होते आणि गर्भावस्थेचा काळ सरासरी ६.२ दिवसांनी घटला होता. याच संशोधकांच्या २००६ सालच्या लेखानुसार अशा स्त्रियांत मृतजन्माचा धोका सुमारे अडीचपट होता. त्यानंतर २०१० साली आशा प्रतिनिधी व सहकाऱ्यांनी 'इंडियन जर्नल ऑफ कम्युनिटी मेडिसिन'मध्ये गर्भावस्थेतील मिश्री व तिचे परिणाम यांवर स्वतंत्र लेख लिहिला.

या अभ्यासांत वजन, गर्भावस्थेचे दिवस व मृतजन्म यांचे मोजमाप आहे. मूल शाळेत गेल्यावर त्याचे लक्ष टिकते की नाही, हा त्यांचा विषय नव्हता. म्हणून सिगारेटवरील परदेशी निष्कर्षात केवळ शब्द बदलून 'मिश्रीमुळे मुलाचे लक्ष लागत नाही' असे म्हणणे ही दुहेरी उडी ठरते. मुळात डळमळीत असलेला कार्यकारणभाव गृहीत धरायचा आणि तो एका पदार्थावरून दुसऱ्या पदार्थावर नेऊन ठेवायचा, असे त्यात घडते.

कायद्याचीही येथे एक मर्यादा आहे. दंतमंजनात तंबाखू वापरण्यास केंद्र सरकारने १९९२ साली बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली ती कायम ठेवली. तंबाखूच्या वेष्टनावरील चित्रमय इशारा २०१६ पासून ८५ टक्के जागेवर छापला जातो. परंतु घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला ना वेष्टन असते ना इशारा. कायदा दुकानाच्या फळीपर्यंत पोहोचतो, चुलीपर्यंत पोहोचत नाही. तेथे पोहोचतात त्या अंगणवाडी सेविका व आशाताई. म्हणूनच त्यांच्या तोंडी कोणते विधान दिले जाते, याला महत्त्व आहे.

४. दोष कोणाच्या माथी?

कळंबच्या परिसरात गळीत हंगामात बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या येतात. 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत ही जोडी फडातून सुटत नाही. गर्भार स्त्रीही मोळी उचलते, पहाटे उठून कोपीत भाकऱ्या थापते आणि दिवस उजाडण्याआधी फडात जाते. तिचे मोठे मूल कधी गावच्या शाळेत, कधी हंगामाच्या ठिकाणी, तर कधी धाकट्या भावंडाला सांभाळत फडाच्या बांधावर असते.

असे मूल वर्गात खिडकीबाहेर पाहत बसले तर त्याची कारणे कोणती? झोप अपुरी असेल. सकाळी पोटात काही नसेल. कानाने कमी ऐकू येत असेल. मधली चार महिने शाळा बुडाल्यामुळे फळ्यावरचे काही कळत नसेल. रक्तक्षय असेल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील ६ ते ५९ महिने वयाच्या ६८.९ टक्के बालकांत व ४५.७ टक्के गर्भवती स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. बालपणातील लोहाच्या कमतरतेचा मेंदूच्या विकासाशी व आकलनाशी असलेला संबंध सुपरिचित आहे. यांपैकी अनेक कारणांवर उपाय आहे. 'आईच्या मिश्रीमुळे झाले' असे एकदा म्हटले की उपाय शोधण्याची गरजच संपते, कारण झालेले गर्भारपण कोणालाच परत घेता येत नाही.

निदानाचे शास्त्रही घाईला परवानगी देत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन मनोविकार निदान-पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीनुसार लक्षणे किमान सहा महिने टिकलेली असावीत, त्यांतील काही बारा वर्षांच्या आत दिसलेली असावीत आणि ती किमान दोन ठिकाणी, उदाहरणार्थ घरी व शाळेत, आढळावीत. ज्या मुलाचे घर दर हंगामाला बदलते आणि शाळा अधूनमधून सुटते, त्याच्याबाबत ही अट पूर्ण झाली की नाही हे ठरविणे तज्ज्ञालाही सोपे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी-यादीत २०१३ पासून या विकाराचा समावेश आहे. ती सोय स्वागतार्ह आहे, पण यादीतील खूण म्हणजे निदान नव्हे.

यात पित्याची भूमिका जवळजवळ अदृश्य होते, हीदेखील लक्षणीय बाब आहे. धूरविरहित तंबाखू सेवन करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण स्त्रियांच्या जवळजवळ दुप्पट आहे. बाजारातून तंबाखू आणणारा बहुधा तोच असतो. त्याने घरात विडी ओढली तर तो धूर गर्भवतीच्याही फुफ्फुसात जातो. तरीही सल्ला एकट्या स्त्रीला दिला जातो. वर उल्लेखिलेल्या ब्रिस्टॉलच्या अभ्यासाने जे आकडेवारीत दाखविले, ते व्यवहारात आपण विसरतो.

५. एक आक्षेप व त्याचे उत्तर

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की सल्ला शेवटी एकच आहे : तंबाखू सोडा. मग कारण थोडे अतिरंजित असले तर बिघडले कोठे? शिवाय 'संबंध म्हणजे कारण नव्हे' हा युक्तिवाद तंबाखू-उद्योगाने वर्षानुवर्षे वापरला आहे. फुप्फुसाच्या कर्करोगाबाबत डॉल व हिल यांनी १९५० साली पुरावा मांडल्यानंतरही थोर संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी धूम्रपान व कर्करोग या दोहोंमागे समान आनुवंशिक कारण असू शकते, असे म्हटले होते. ते चुकले. येथेही तसेच होणार नाही कशावरून?

आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे उत्तर पद्धतीत आहे. फिशर यांनी शंका उपस्थित केली, परंतु पुढील पुराव्याने ती टिकू दिली नाही. येथे तीच शंका तीन स्वतंत्र पद्धतींनी तपासली गेली आणि बऱ्याच अंशी टिकली. विशेष म्हणजे ज्या कसोटीने अवधान-विकाराचा थेट संबंध क्षीण ठरविला, त्याच कसोटीने जन्मवजनाचा संबंध पक्का ठरविला. त्यामुळे या चिकित्सेतून तंबाखूला कोणतीही सवलत मिळत नाही.

अतिरंजित कारणाने बिघडते ते असे. मिश्री लावणाऱ्या कितीतरी बायकांची मुले शाळेत उत्तम चालतात, हे गावातील प्रत्येक स्त्रीला माहीत असते. आशाताईंनी सांगितलेले भाकीत शेजारच्या घरात खोटे ठरलेले दिसले, की वजनाबद्दलचा व मृतजन्माबद्दलचा खरा इशाराही त्याबरोबर खोटा ठरतो. दुसरीकडे ज्या स्त्रीचे मूल खरोखरच अवधान-विकाराने ग्रस्त आहे, ती स्वतःला अपराधी मानते व तपासणीसाठी पुढे येत नाही. म्हणजे अतिरंजनाने एक स्त्री बेफिकीर होते आणि दुसरी गप्प बसते. दोन्हींत नुकसान बाळाचेच होते.

६. अभ्यासाची दिशा

परदेशी निष्कर्षांची चिकित्सा करून थांबणे पुरेसे नाही. या परिसरात असा अभ्यास होऊ शकतो, जो युरोपात तितक्या स्वच्छपणे होऊ शकत नाही. ब्रिस्टॉलमधील पित्याच्या सिगारेटचा धूर आईपर्यंत पोहोचू शकतो, ही त्या तुलनेची एक दुबळी बाजू होती. आपल्याकडील पिता बहुधा तंबाखू मळून खातो. त्याचा धूर होत नाही, म्हणून गर्भापर्यंत जाण्याचा तो शारीरिक मार्गच नाही. तेव्हा केवळ आई मिश्री लावणारी, केवळ पिता तंबाखू खाणारा, दोघेही सेवन करणारे आणि दोघेही न करणारे अशा चार प्रकारच्या कुटुंबांतील मुलांची तुलना केली, तर गर्भाशयाचा वाटा व कुटुंबाचा वाटा वेगळा करता येईल. ज्या स्त्रियांनी दोन बाळंतपणांच्या मध्ये मिश्री धरली किंवा सोडली, त्यांच्या मुलांची भावंड-तुलनाही शक्य आहे.

अशा अभ्यासात अवधान-चाचणीबरोबर हिमोग्लोबिन, श्रवण, दृष्टी, झोप व शाळेतील उपस्थिती यांची नोंद अनिवार्य असावी. मानसशास्त्र, गृहविज्ञान, समाजशास्त्र व संख्याशास्त्र या विभागांनी वैद्यकीय तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली व पालकांच्या संमतीने हे काम हाती घेतले, तर ग्रामीण महाविद्यालयाच्या आवाक्यातील ते एक मौलिक कार्य ठरेल.

समारोप

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. गर्भावस्थेतील तंबाखू, मग ती ओढलेली असो वा हिरड्यांना लावलेली, बाळाचे वजन घटविते, अकाली प्रसूतीचा धोका वाढविते व मृतजन्मास कारण ठरू शकते. मिश्री सोडण्यासाठी एवढे कारण पुरेसे आहे.

२. पालकांच्या धूम्रपानाचा व मुलांच्या अवधान-समस्येचा संबंध खरा आहे, परंतु त्याचा मोठा भाग आनुवंशिक व कौटुंबिक घटकांचा आहे. अकाली जन्माच्या मार्गाने होणारी हानी मात्र नाकारता येत नाही.

३. गर्भवतीला 'धूम्रपान करता का?' असे न विचारता 'मिश्री लावता का? दिवसातून किती वेळा?' असे विचारावे. तोच संवाद पती व सासू यांच्याशीही व्हावा.

४. वर्गात लक्ष नसलेल्या मुलाच्या बाबतीत आईच्या गर्भारपणाचा शोध घेण्यापूर्वी त्याचे कान, डोळे, रक्त, झोप व न्याहारी यांची चौकशी व्हावी.

फडातून परतलेली आई शाळेच्या दारात उभी राहते, तेव्हा तिला आपल्या मुलाविषयी काय सांगायचे हे शिक्षकाच्या हाती असते. तिच्या मागील चुकीचा पाढा वाचून तिला परत पाठवता येईल किंवा मुलासाठी आज काय करता येईल हे सांगता येईल. उपलब्ध पुरावा दुसऱ्या वाटेच्या बाजूने आहे.